सोसायटीतील कचरा संकलन: घरात वेगळा केलेला कचरा गाडीपर्यंत वेगळा कसा ठेवावा

मुंबईतल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची सूचना लिफ्टशेजारी लावलेली असते आणि बऱ्याच घरांत दोन डबेही असतात. तरीही सकाळी गेटबाहेरच्या गाडीत पडणारा कचरा पाहिला, तर कांद्याची साले, दुधाच्या पिशव्या, डायपर आणि कुरिअरचे खोके एकाच ढिगात गेलेले दिसतात. याचे खापर आपण रहिवाशांच्या आळसावर फोडून मोकळे होतो. आमच्या सोसायटीचे सचिवपद सांभाळताना माझ्या लक्षात आले ते असे, की कचरा घरात पुष्कळ अंशी वेगळा होतो आणि पुढे हातबदलात एकत्र होतो. स्वयंपाकघरातून दारात, दारातून जिन्यावर किंवा लिफ्टमध्ये, तिथून गेटपाशी आणि गेटवरून महापालिकेच्या गाडीत असा त्याचा प्रवास असतो. या वाटेवर ज्या ठिकाणी भांडे, वेळ किंवा माणूस ठरलेला नसतो, नेमक्या त्याच ठिकाणी घरातल्या गृहिणीची मेहनत वाया जाते.

मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहतो. रात्री वारा फिरला की कांजूरमार्गच्या क्षेपणभूमीचा वास खिडकीतून आत येतो. त्यामुळे आपला कचरा कुठे जातो, हे आम्हाला कुणी सांगावे लागत नाही. पुढे दिलेली पद्धत साधारण ३० ते १५० घरांच्या सोसायटीसाठी आहे. चाळी आणि वस्त्यांसाठी त्यात काय बदलावे लागते, ते ओघात येईलच.

कायदा आणि शहराची व्यवस्था

घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार प्रत्येक घराने कचरा जैवविघटनशील, अविघटनशील आणि घरगुती घातक अशा तीन भागांत वेगळा करून देणे बंधनकारक झाले. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी (पॅड, डायपर) आणि विशेष काळजीचा (औषधे, बॅटरी, ट्यूबलाइट) असे चार भाग आहेत. सोसायटीने व्यवस्था नव्याने बसवायची असेल, तर ती सुरुवातीपासून चार भागांचीच बसवावी, कारण लोकांची सवय दोनदा बदलणे फार जड जाते. दररोज १०० किलो किंवा त्याहून अधिक कचरा होणाऱ्या संकुलांवर ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आवारातच लावण्याची जबाबदारी येते. मुंबई महापालिकेने २०१७ मध्येच अशा, आणि २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या, संकुलांना तसे कळवले होते.

शहराच्या बाजूचे चित्र थोडक्यात असे आहे. महापालिकेच्या घनकचरा व्यवस्थापन खात्याची गाडी गेटवरून कचरा उचलते. तो थेट किंवा महालक्ष्मी, कुर्ला यांसारख्या हस्तांतरण केंद्रांवरून क्षेपणभूमीकडे जातो. १९२७ पासून वापरात असलेले देवनार भरून वाहते आहे, गोराई २००७ मध्ये आणि मुलुंड २०१८ मध्ये बंद झाले, त्यामुळे शहराचा बहुतांश भार आज कांजूरमार्गवर आहे. ओला कचरा प्लॅस्टिकबरोबर दाबला गेला की हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन तयार होतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस पूर्व उपनगरांवर होता, हे इथल्या लोकांना आठवत असेल.

पहिली पायरी: सात दिवस वजन करा

सभा बोलावण्याआधी, डबे विकत घेण्याआधी आणि कुठल्याही कंपनीच्या यंत्राचे माहितीपत्रक हातात धरण्याआधी सोसायटीचा कचरा आठवडाभर मोजावा. भंगारवाल्याकडे असतो तसा ५० किलोचा स्प्रिंगचा काटा पुरतो. तो गेटजवळच्या पाइपला किंवा मजबूत हुकाला टांगावा. त्या सात दिवसांत कचरा जसा येतो तसा येऊ द्यावा, मात्र गेटपाशी ताडपत्री पसरून त्याचे भाग करावेत आणि प्रत्येक भागाचे वजन वहीत लिहावे. हातमोजे, तोंडाला मास्क आणि कचरा ओढायला लांब दांड्याचा पंजा लागेल. समितीतल्या किमान दोघांनी हे काम स्वतःच्या हातांनी करावे, असा माझा आग्रह आहे. ताडपत्रीवर आपल्याच इमारतीचा कचरा उघडा पडला की पुढच्या अनेक वादांची उत्तरे तिथेच सापडतात.

सोमवार ते रविवार असे सलग सात दिवस घ्यावेत, कारण मुंबईच्या घरांत रविवारी आणि बुधवारी मासळी-मटण असते आणि शनिवार-रविवारी खोकी व बाहेरच्या जेवणाचे डबे वाढतात. सणाचा आठवडा टाळावा. आंब्याचे दिवस असतील तर बाठे-सालींमुळे ओल्याचे वजन फुगलेले दिसेल, हेही ध्यानात ठेवावे.

आकडे कसे वापरायचे, ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, ८० घरे आहेत आणि घरटी दिवसाला सरासरी दीड किलो कचरा निघाला, तर एकूण १२० किलो झाले. याच हिशेबाने ६७ घरांचीच सोसायटी १०० किलोची रेषा ओलांडते. आपली इमारत एवढी मोठी नाही, असे मानून बसलेल्या अनेक समित्यांनी हे एकदा तपासून पाहावे. या १२० किलोंपैकी ७० किलो ओला, ४० किलो सुका आणि उरलेला १० किलो सॅनिटरी व इतर आहे, असे धरू. पुढचे सारे नियोजन या तीन आकड्यांवर उभे राहते.

काय कशात जाते

ओला आणि सुका या शब्दांनीच बराच गोंधळ होतो. धुतलेली दह्याची वाटी ओली असली तरी सुक्यातच जाते आणि वाळलेला पालापाचोळा किंवा निर्माल्य कोरडे असले तरी ओल्यात. लोकांना 'मातीत जिरेल ते ओल्यात' एवढे सांगितले की निम्मे प्रश्न सुटतात.

तरीही अडणाऱ्या वस्तू असतातच आणि त्यांची यादी प्रत्येक सोसायटीने स्वतःच्या ताडपत्रीवरून करावी. शहाळे आणि नारळाची करवंटी मातीत जिरते, पण खताच्या खड्ड्यात महिनोन्‌महिने तशीच राहते, म्हणून ती वेगळ्या गोणीत टाकावी. अंड्याची टरफले, चहाचा चोथा, कोळंबीची साले आणि माशांची खवले ओल्यात जातात. कागदी वाटणाऱ्या चहाच्या कपाला आतून प्लॅस्टिकचा थर असतो, तो सुक्यात टाकावा. पिझ्झाच्या खोक्याचा तेलकट तळ फाडून ओल्यात आणि वरचा कोरडा भाग सुक्यात टाकावा. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, अर्धवट चिकटलेला ठेवावा. तो चिमुकला तुकडा ना भंगारवाला उचलतो, ना झाडूला लागतो, आणि पावसात सरळ गटारात जातो. पिशवी विसळून, उलटी करून ओट्याच्या टाइल्सवर चिकटवली की अर्ध्या तासात वाळते आणि तिला वासही येत नाही. सुक्या कचऱ्याला पुढे किंमत येते ती या एका कृतीने, कारण दुधाचा आंबट वास लागलेला सुका माल कुणी घेत नाही.

ओल्या कचऱ्याच्या डब्यात प्लॅस्टिकची पिशवी घालू नये. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राची घडी ठेवावी आणि रात्री डबा विसळून पालथा घालावा. ही अट घातली की सुरुवातीला कुरकुर होते, पण ती सोडली तर पुढचे सगळे बिघडते. पिशवीत बांधलेला कचरा गोळा करणाऱ्याला दिसत नाही आणि न दिसलेला कचरा तो परत कसा करणार?

हातबदल: सगळी व्यवस्था इथे टिकते किंवा मोडते

आमच्याकडे वर्गीकरण सुरू केले तेव्हा पहिले दोन दिवस मी खूश होतो, कारण दारादारातून दोन वेगळे डबे बाहेर येत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला मी खाली गेटजवळ उभा राहिलो. सफाई करणाऱ्या ताई लिफ्टमधून उतरल्या. त्यांच्या एका हातात ओल्याची बादली होती आणि खांद्यावर सुक्याची गोणी. त्यांनी बादली कोपऱ्यातल्या निळ्या ड्रममध्ये उपडी केली आणि गोणीही त्याच ड्रममध्ये झटकली. वरणभाताची शिते गोणीतल्या पुठ्ठ्यांवर घरंगळली. मी विचारले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, ड्रम एकच दिलाय, मी दुसरं ठेवू कुठं?" चाळीसेक घरांची मेहनत त्या एका ड्रममध्ये दोन दिवस वाया गेली होती आणि चूक ताईंची नव्हती, ती ड्रम देणाऱ्या आमच्या समितीची होती. त्या दिवसापासून मी हातबदलांचा कागद करायला लागलो.

हा कागद करणे हीच दुसरी पायरी. एका पानावर कचऱ्याचा प्रत्येक प्रकार आडवा आणि प्रत्येक टप्पा उभा लिहावा. प्रत्येक चौकटीत भांडे कोणते, वेळ कोणती, माणूस कोण आणि तो न आल्यास दुसरे कोण, या चार गोष्टी भराव्यात. जिथे चौकट रिकामी राहते, तिथे कचरा एकत्र होणार हे नक्की समजावे. आमच्या पहिल्या कागदावर चार चौकटी रिकाम्या होत्या आणि चारही गेटपाशी होत्या.

दारापासून सुरुवात करू. दाराबाहेर रात्रभर डबा ठेवण्याची पद्धत बंद करावी. मांजर, उंदीर आणि झुरळे हे एक कारण आहेच, पण खरे कारण असे की दाराबाहेरचा डबा मालकाच्या गैरहजेरीत उचलला जातो आणि मिसळलेला कचरा परत करण्याची संधीच राहत नाही. ठरलेल्या वेळी घंटी वाजावी, घरातल्या कुणीतरी डबा हातात द्यावा आणि गोळा करणाऱ्याने तो पाहून रिकामा करावा. सकाळी लवकर बाहेर पडणाऱ्या घरांसाठी संध्याकाळची एक छोटी फेरी ठेवावी किंवा तळमजल्यावर झाकणाचे डबे ठेवून त्यांनी जाता-जाता टाकावे. दोन्हींत फेरी बरी, कारण तळमजल्याच्या डब्याला कुणीच जबाबदार नसतो.

एका घराला एक मिनिट धरले आणि मजले चढण्या-उतरण्याचा वेळ मिळवला, तर ८० घरांना दोन तासांच्या आसपास लागतात. हे काम एका माणसावर टाकले की तो घाईत दोन्ही बादल्या एकत्र करतो. शक्य असेल तर दोन जण ठेवावेत. ते शक्य नसेल तर ओला रोज आणि सुका आठवड्यातून दोन दिवस अशी विभागणी करावी. सुका कचरा कुजत नाही, त्यामुळे तो घरात तीन दिवस राहू शकतो. या एका बदलाने रोजच्या फेरीचे ओझे बरेच कमी होते, आणि ज्या दिवशी फक्त ओलाच उचलायचा असतो त्या दिवशी मिसळायला दुसरे काही नसतेच. मला विचाराल तर छोट्या सोसायटीसाठी याहून प्रभावी उपाय नाही.

भांड्यांचा हिशेब वजनावरून काढावा. दाबून न भरलेला ओला कचरा घनमीटरला साधारण ४०० ते ५०० किलो भरतो, म्हणजे ७० किलोला सुमारे १६० लिटर जागा लागते. ड्रम पाऊणच भरायचा, नाहीतर झाकण लागत नाही आणि उचलताना कमरेत चमक भरते. म्हणून १२० लिटरचे चाकांचे दोन हिरवे डबे पुरतात. सुका हलका आणि फुगलेला असल्याने तेवढ्याच वजनाला चौपट ते पाचपट जागा घेतो. त्यासाठी २४० लिटरचे निळे डबे किंवा जाळीचा पिंजरा घ्यावा आणि खोकी सपाट करून बांधण्याची जागा वेगळी ठेवावी. डब्यांची झाकणे आणि चाके पहिल्या पावसाळ्यातच जातात, म्हणून स्वस्तातला माल घेऊ नये.

चाळीत दारावर फेरी काढण्यापेक्षा मजल्यागणिक सामाईक गॅलरीच्या टोकाला ठरलेल्या वेळेत दोन डबे फिरवणे सोयीचे पडते. बैठ्या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांत चाकांचे डबे जात नाहीत. तिथे झाकणाच्या बादल्या आणि गल्लीच्या तोंडाशी गाडीची पक्की वेळ यांवरच भिस्त ठेवावी लागते.

गोळा करणारा माणूस

सोसायटी हे काम थेट नेमलेल्या माणसाला देते किंवा ठेकेदाराला. ठेकेदार असला तरी करारात कामगाराचा पगार किती, आठवड्याची सुट्टी कोणती आणि त्या दिवशी बदली कोण येणार, हे लिहून घ्यावे. सुट्टीचा विचार न केलेली व्यवस्था पहिल्याच रविवारी कोसळते आणि त्या दिवशी वॉचमन सगळे एकत्र ढकलतो. किमान वेतनाहून कमी दर सांगणाऱ्या ठेकेदाराचा प्रस्ताव बाजूला ठेवावा. रबरी हातमोजे दर महिन्याला, गमबूट आणि एप्रन दर वर्षी, धनुर्वाताची लस, आणि काम संपल्यावर हातपाय धुवायला नळ व साबण या गोष्टी सोसायटीने द्याव्यात. हातमोजे आठवड्यात फाटतात, वर्षाला एकच जोडी देऊन भागत नाही. आमच्याकडे धुण्याची जागा पंपरूमच्या मागे केली आणि तिथे ताईंची पिशवी टांगायला एक खुंटीही लावली.

मिसळलेला कचरा न घेण्याचा अधिकार ताईंना समितीने लेखी द्यावा आणि तो कागद सूचनाफलकावर लावावा. असा कागद नसेल तर भांडण ताईंच्या अंगावर येते, आणि ज्या घरात भांडण होते तिथून पुढे त्या मुकाट्याने सगळे उचलतात. मिसळलेला डबा परत देताना त्यांनी वाद घालू नये, फक्त वहीत घराचा क्रमांक लिहावा. बोलायचे काम समितीचे.

महापालिकेशी जुळवून घेणे

प्रत्येक विभागात घनकचरा खात्याच्या चौक्या असतात आणि आपल्या रस्त्याचा मुकादम तिथेच भेटतो. सकाळी लवकर जाऊन त्याची गाठ घ्यावी आणि तीन गोष्टी विचाराव्यात: ओल्याची गाडी किती वाजता येते, सुक्याची गाडी वेगळी येते का आणि कोणत्या वारी, आणि गाडीवर कोण असते. या वेळांवरून घरोघरच्या फेरीची वेळ उलटी मोजत आणावी. बहुतेक सोसायट्या याच्या नेमके उलट करतात. आधी आपल्या सोयीची वेळ ठरवतात आणि मग गाडी निघून गेली म्हणून डबे दिवसभर गेटवर उघडे राहतात.

सुक्यासाठी वेगळी गाडी येत नसेल तर विभाग कार्यालयातील घनकचरा व्यवस्थापनाच्या सहायक अभियंत्यांना लेखी अर्ज करावा, सोबत सात दिवसांच्या वजनाचा तक्ता जोडावा आणि पोच घ्यावी. आकड्यांसह आलेल्या अर्जाला उत्तर द्यावेच लागते. वेगळा दिलेला कचरा गाडीत एकत्र होताना दिसला, तर तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक टिपून १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक वहीत लिहावा. गाडीवरच्या कामगारांना दिवाळीची बक्षिसी जरूर द्यावी, पण रोजचा कचरा उचलण्यासाठी पैसे देण्याची प्रथा पाडू नये. ती एकदा पडली की शेजारच्या सोसायट्यांचाही कचरा अडतो. आमच्याकडे अर्ज दिल्यावर सुक्याची गाडी लागायला काही महिने लागले. तोवर आम्ही सुका माल पिंजऱ्यात साठवून बाहेर दिला, आणि तोच मार्ग पुढे कायम राहिला.

सुका कचरा: कचरावेचकांना सोबत घ्या

मुंबईत कचरावेचक स्त्रियांना संघटित करण्याचे काम स्त्री मुक्ती संघटनेसारख्या संस्थांनी दोन दशकांहून अधिक काळ केले आहे. अशा संस्थेशी किंवा महापालिकेच्या सुका कचरा केंद्राशी जोडून घेतले, तर सुक्यातला बराचसा भाग क्षेपणभूमीला जातच नाही. सोसायटीने दोनच गोष्टी द्याव्यात, पावसापासून आडोशाची जागा आणि स्वच्छ माल. वर्तमानपत्रे, पुठ्ठा आणि बाटल्या रद्दीवाल्याला विकून उरलेले बिनकिमतीचे पातळ प्लॅस्टिक तेवढे कचरावेचकांना द्यायचे, हा व्यवहार टिकत नाही. त्यांना सगळा सुका माल द्यावा आणि विक्रीचे पैसे त्यांच्याकडेच राहू द्यावेत. चिप्सची चकचकीत वेष्टने आणि थर्माकोल यांना बाजारात जवळजवळ किंमत नसते. ते उचलण्याचे श्रम पुठ्ठ्याच्या पैशातूनच भरून निघतात.

ओला कचरा आवारातच

मोठ्या संकुलांसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या निसर्गऋण पद्धतीचा बायोगॅस प्रकल्प हा चांगला पर्याय आहे. पण ७०-८० किलोंसाठी साधे हवेशीर खतच सोपे, कारण त्यात बिघडण्यासारखे यंत्र नाही. विजेवर चालणारी आणि २४ तासांत खत करून देण्याचा दावा करणारी यंत्रे कचरा मुख्यतः वाळवतात. वाळलेला चुरा ओला झाला की पुन्हा कुजू लागतो, म्हणून त्यालाही पुढे काही आठवडे मुरवावेच लागते.

जमिनीवर विटांचे, भिंतींना भोके ठेवलेले, दीड मीटर लांब आणि एक मीटर रुंद-उंच असे हौद बांधावेत. खाली निचऱ्यासाठी खडी आणि उतार, वर पत्र्याचे छप्पर. ७० किलो ओला कचरा आणि त्यात मिसळायचा कोरडा माल मिळून रोज पाव घनमीटरच्या थोडे आत जागा लागते. कचरा बसत जातो, त्यामुळे एक हौद साधारण नऊ दिवसांत भरतो. असे सहा हौद असले, तर सहावा भरून होईपर्यंत पहिल्याला मुरायला दीड महिना मिळतो. वर्षाकाठी जागा पुरत नाही अशी तक्रार येते, ती बहुधा चारच हौद बांधलेल्या ठिकाणाहून येते.

खताचे सारे गमक कोरड्या मालात आहे. ओल्यात नत्र जास्त, पाचोळा-भुशात कार्बन जास्त, आणि जिवाणूंना कार्बन व नत्र यांचे प्रमाण २५ ते ३० ला १ असे हवे असते. रोजच्या कामात हे प्रमाण मोजता येत नाही, म्हणून तीन बादल्या ओल्याला एक भरगच्च बादली वाळका पाचोळा, नारळाचा काथ्या किंवा लाकडाचा भुसा घालावा. रासायनिक प्रक्रिया केलेल्या फळ्यांचा भुसा मात्र घेऊ नये. सुरुवातीला विरजण म्हणून जुन्या खताचे दोन घमेले किंवा आंबट ताक आणि गूळ शिंपडावा. दर तिसऱ्या दिवशी पंजाने वरखाली करावे. मिश्रण मुठीत दाबले असता मूठ ओलसर व्हावी पण पाणी ठिबकू नये, एवढाच ओलावा ठेवावा. हौदाच्या पोटात हात घातला तर चांगला चटका बसेल इतकी उष्णता पहिल्या आठवड्यात यायला हवी. ५५ अंशांच्या वर काही दिवस राहिले की माश्यांची अंडी आणि रोगजंतू मरतात.

घाण वास येत असेल तर हवा कमी पडते आहे, पाचोळा घालून ढवळावे. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा वास येत असेल तर नत्र जास्त झाले आहे, तेव्हाही उपाय तोच. चिलटे झाली तर वर कोरड्या खताचा बोटभर थर द्यावा. मासळी-मटणाचे अवशेष हौदाच्या मधोमध पुरावेत, वर राहिले तर उंदीर आलेच. पाचोळा मुंबईत फेब्रुवारी-मार्चमध्ये मुबलक मिळतो आणि जुलैमध्ये, जेव्हा सर्वाधिक लागतो, तेव्हा मिळत नाही. म्हणून उन्हाळ्यात गोण्या भरून गच्चीच्या जिन्याखाली कोरड्या ठेवाव्यात. आमच्या पहिल्या पावसाळ्यात ही साठवण नव्हती, आणि हौदातून काळे पाणी वाहून तळमजल्यावरच्या कुटुंबाच्या दाराशी गेले. त्यांनी समितीकडे केलेली तक्रार शंभर टक्के रास्त होती. पुढच्या वर्षी आम्ही ४० गोण्या भरल्या.

७० किलो ओल्यातून १२ ते १५ किलो खत निघते. ते चाळून झाडांना घालावे, उरलेले रहिवाशांना द्यावे.

सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा

पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून, लाल खूण करून वेगळे द्यावेत. ते उघडे हाताळावे लागणे हा गोळा करणाऱ्याचा अपमान आहे, आणि हे सभेत स्पष्ट शब्दांत बोलायला संकोच करू नये. मे २०२५ पासून महापालिकेने या कचऱ्यासाठी नोंदणीवर चालणारी स्वतंत्र संकलन सेवा सुरू केली आहे, तिच्यात सोसायटीचे नाव घालावे. मुदत संपलेली औषधे, इन्सुलिनच्या सुया, ट्यूबलाइट, बॅटरी आणि रंगाचे डबे समितीच्या खोलीत कुलूपबंद पेटीत साठवावेत. सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत घालून झाकण चिकटपट्टीने बंद करावे. ई-कचरा अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यावा. घरदुरुस्तीचा राडारोडा मात्र या व्यवस्थेत घेऊच नये. तो काम काढणाऱ्या घराने महापालिकेकडे स्वतंत्र शुल्क भरून उचलून घ्यावा.

सण, पाऊस आणि पहिले चाळीस दिवस

गणपतीत निर्माल्यासाठी आवारात वेगळा कलश ठेवावा. फुले हौदात जातात, पण हारांतला दोरा, जर आणि थर्माकोल आधी काढावे लागतात, आणि त्यासाठी दोन मुले संध्याकाळी बसवली तर ती आनंदाने बसतात. दसऱ्याच्या झेंडूचे तसेच. दिवाळीच्या साफसफाईआधी जुन्या सामानासाठी एक रविवार ठरवून द्यावा, नाहीतर गाद्या जिन्यात येतात.

व्यवस्था सुरू करण्याआधीचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यावा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, त्यामुळे जूनमध्ये वजन, जुलैमध्ये हिशेब आणि सप्टेंबरमध्ये ठराव असा क्रम जमतो. प्रत्यक्ष सुरुवात मात्र पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये करावी. नवा हौद कोरड्या हवेत बसवणे सोपे जाते. पहिले चाळीस दिवस समितीतला एक जण रोज सकाळी फेरीबरोबर चालावा. घरकाम करणाऱ्या बायकांना त्यांच्या वेळेत, म्हणजे दुपारी बारानंतर, वेगळे बोलावून डबे दाखवावेत, कारण बऱ्याच घरांत कचरा प्रत्यक्ष त्याच टाकतात आणि सभेची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ज्या घराचे नाव वहीत तीनदा येईल, तिथे समितीने घरी जावे, दंडाची भाषा सहाव्या वेळेपर्यंत करू नये. आमच्याकडे अशा अकरा घरांपैकी सात घरांत अडचण साधी होती: ओट्याखाली दुसऱ्या डब्याला जागाच नव्हती. दाराच्या आतल्या बाजूला हुकाला कापडी पिशवी टांगली आणि त्यांचा सुका कचरा सुटला.

चाळीस दिवसांनंतर रोजची हजेरी थांबवून दर गुरुवारी तपासणी करावी. गाडी येण्याच्या दहा मिनिटे आधी गेटवर जावे, हिरव्या डब्याचे झाकण उघडून वरच्या हातभर थरात प्लॅस्टिकचे किती तुकडे दिसतात ते मोजावेत आणि वजनाच्या वहीत त्या तारखेसमोर तो आकडा लिहून खाली सही करावी.